श्रद्धेचे वाद आणि शेजारधर्म

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षं झाली आपल्या सोसायटीला. या पंचवीस वर्षांत आपण कशाकशावरून भांडलो याची यादी करायची तर स्मरणिकेची पानं पुरायची नाहीत. पाणी, पार्किंग, टेरेसची गळती, लिफ्टचं मेंटेनन्स, भाडेकरूंचा एनओसी, भटक्या कुत्र्यांना खायला घालणं. एकदा तर नोटीस बोर्डाला कुलूप लावायचं की नाही यावर आपली वार्षिक सभा रात्री अकरापर्यंत चालली होती. पण ही सगळी भांडणं कधी ना कधी मिटली. कारण त्यांच्यासाठी उपविधी आहेत, इतिवृत्त आहे, हात वर करून मतदान आहे.

एक भांडण मात्र असं आहे की ते कधी अजेंड्यावर येत नाही. ते जिन्यात होतं, लिफ्टमध्ये होतं, ग्रुपवर होतं, लग्नाच्या पंगतीत होतं आणि कधीकधी आजारी माणसाच्या उशाशी होतं. कुणी काय मानावं आणि काय मानू नये, याबद्दलचं ते भांडण. आज मी त्याबद्दल बोलणार आहे.

आपल्या इमारतीत गणपतीत मांडव पडतो. डिसेंबरात दोन-तीन बाल्कन्यांत चांदणी लागते. ईदला वाटी भरून शीरखुर्मा घरोघरी येतो. १४ एप्रिलला सकाळी निळ्या पताका लागतात. पर्युषणात एका घरी आठ-आठ दिवसांचे उपवास असतात. आणि यातलं काहीच न मानणारे, पण प्रत्येकाचा फराळ आवडीने खाणारेही तीन-चार जण आहेत. ते आत्ता हसताहेत, म्हणजे कोण ते तुम्हाला कळलंच. हे सगळं वर्षानुवर्षं नीट चाललं आहे. अडतं कुठे, तर एखाद्याला वाटतं की माझं मला पटलंय तेवढ्यावर भागत नाही, ते तुम्हालाही पटलं पाहिजे, आणि तेही आत्ता, पाचव्या मजल्यावर लिफ्ट पोचायच्या आत.

आधीच सांगते, मी इथे श्रद्धेच्या बाजूने बोलायला आले नाही आणि विरुद्धही नाही. आग्रह दोन्हीकडून होतो. कुणी म्हणतं, "तुमच्या घरात एवढी आजारपणं का येतात माहीत आहे? कुलाचार सोडलात म्हणून." कुणी म्हणतं, "एवढं शिकून तुम्ही अजून सत्यनारायण घालता?" कुणी दारात पुस्तिका घेऊन उभं राहतं आणि आपल्या आत्म्याची चौकशी करतं. कुणी ग्रुपवर रोज सकाळी दुसऱ्याच्या देवाची चेष्टा टाकतं आणि वर हसरा चेहरा लावतं. चारही जणांचा मजकूर वेगळा, पण रीत एकच. समोरच्याला काय वाटतं हे त्यांना जाणून घ्यायचंच नसतं.

आपल्याकडे यासाठी फार जुनी मोजपट्टी आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे, त्यासाठी केलेली चर्चा. गुरू-शिष्यांत होते ती. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली चर्चा, आणि जिंकायचंच म्हटल्यावर तिथे शब्दांचे डावपेचही आले. वितंडा म्हणजे स्वतःचं म्हणणं काही मांडायचंच नाही, फक्त समोरच्याचं पाडायचं. आपण घरात 'वितंडवाद घालू नकोस' म्हणतो, तो शब्द थेट तिथून आला आहे.

शब्दांच्या डावपेचांना तिथे 'छल' म्हणतात. त्याचं एक ठरलेलं उदाहरण देतात, ते मला फार आवडतं. एक जण म्हणतो, हा माणूस नवकंबल आहे, म्हणजे याच्या अंगावर नवं कांबळं आहे. दुसरा म्हणतो, छे, याच्याजवळ नऊ कांबळी कुठे आहेत, एकच तर आहे! संस्कृतात 'नव' म्हणजे नवीन आणि नऊसुद्धा. आता तुम्ही ग्रुपवरचे धर्माबद्दलचे वाद आठवून बघा. 'धर्म' हा शब्द एक जण कर्तव्य या अर्थाने वापरतो, दुसरा पूजापाठ या अर्थाने घेतो, तिसरा जात म्हणून वाचतो, आणि दीडशे मेसेज पडतात. सगळे नऊ कांबळी मोजत बसलेले.

म्हणून कुणी धर्माचा विषय काढला की मी मनातल्या मनात एक गोष्ट तपासते. या माणसाने मला असा एक तरी प्रश्न विचारला का, ज्याचं उत्तर त्याला आधीपासून माहीत नाही? विचारला असेल तर तो वाद आहे. खुशाल बसावं, चहा टाकावा, दोन तास बोलावं. विचारला नसेल तर तो जल्प आहे किंवा वितंडा, आणि त्यातून बाहेर पडण्यात काहीही कमीपणा नाही. आपण हरलो असा त्याचा अर्थ होत नाही. आपण त्या खेळात उतरलोच नव्हतो.

आग्रहाच्या काही ठराविक तऱ्हा असतात. त्या ओळखता आल्या की निम्मं ओझं उतरतं.

पहिली तऱ्हा भीतीची. "तुम्ही हे केलं नाहीत तर मुलाचं लग्न जमणार नाही." भीती घालून जे गळी उतरवावं लागतं, ते पटवून देता येत नाही म्हणूनच भीती घालावी लागते, एवढं लक्षात ठेवावं.

दुसरी गर्दीची. "अख्खी विंग येते, तुम्हीच तेवढे येत नाही." अख्खी विंग येते हे आनंदाचं आहे. पण जमलेल्या डोक्यांची संख्या हा पुरावा नव्हे. तो दोन्हीकडे नव्हे. "जगातले सगळे हुशार लोक नास्तिक असतात" हेही तसलंच.

तिसरी उसन्या विज्ञानाची. "हे नासानेसुद्धा मान्य केलंय." बिचाऱ्या नासाला आपल्या ग्रुपवर रोज काय काय मान्य करावं लागतं! इथे एकच विचारायचं, कुठे मान्य केलंय, ते दाखवा. दाखवलं तर वाचायचं. नाही दाखवलं तर विषय संपला.

चौथी, ओझं सरकवण्याची. "देव नाही हे सिद्ध करून दाखवा." किंवा उलट, "आहे हे दाखवा, नाहीतर फोटो काढून टाका." जो दुसऱ्याला बदलायला निघाला आहे, सिद्ध करण्याचं ओझं त्याचं. मी माझ्या घरात माझ्या देवाला फूल वाहते किंवा वाहत नाही, यासाठी मला जिन्यात उभं राहून कुणाला काही सिद्ध करून द्यावं लागत नाही.

पाचवी सगळ्यांत अवघड, कारण ती प्रेमाची असते. "तुमच्या भल्यासाठीच सांगतेय हो." आणि ती बाई खरोखरच आपल्या भल्यासाठी सांगत असते. तिच्याशी कसं वागायचं ते पुढे सांगते.

काही जण म्हणतात, आपला धर्म सांगण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिला आहे. बरोबर आहे. अनुच्छेद २५ मध्ये धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं, तिन्ही आहेत. पण त्याच वाक्यात त्याआधी 'सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य' आहे, आणि ते सगळ्यांना सारखंच आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे मध्य प्रदेश आणि ओरिसातल्या कायद्यांवरून हाच प्रश्न आला होता. त्यांनी सांगितलं की प्रसार करणं म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. कारण तसा हक्क मानला तर समोरच्याच्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचं काय उरलं? त्या निकालावर मतभेद आहेत, ते वकील मंडळी सांगतील. आपल्या जिन्यापुरतं मी त्यातून एवढंच घेते की तुम्हाला सांगायचा हक्क आहे, मला 'नको' म्हणायचा आहे, आणि दार माझ्या घराचं आहे.

आपले बुद्धिवादी मित्र अनुच्छेद ५१-क मधलं विज्ञाननिष्ठ दृष्टिकोनाचं मूलभूत कर्तव्य नेहमी सांगतात. सांगावंच. पण त्याच यादीत थोडं वर धार्मिक भेद ओलांडून सामंजस्य आणि बंधुभाव वाढवण्याचं कर्तव्यही लिहिलं आहे. १९७६ साली दोन्ही एकदमच घटनेत आली. एक पाळायचं आणि दुसरं विसरायचं असं कसं चालेल?

दुसऱ्याच्या श्रद्धेवर पाळत ठेवायला लागलं की समाजाचं काय होतं, याचा एक किस्सा आपल्या पुण्यातलाच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी तोही धरला नाही. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रातून जाहीर केली. झालं! मिशनऱ्यांचा चहा प्यायल्याबद्दल यांना वाळीत टाकायचं का, प्रायश्चित्त काय द्यायचं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी नेमली गेली, दोन वर्षं पुणं त्यातच गुंतलं होतं. घराघरांत फूट पडली. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं, तेही आपल्यामुळे मित्रांची अडचण नको म्हणून. त्यावर सुधारकांनी त्यांना बोल लावले. म्हणजे सनातन्यांनीही झोडपलं आणि स्वतःच्या माणसांनीही. आणि हे सगळं कशावरून, तर कपभर चहावरून.

आज आपण या गोष्टीला हसतो. पण "अमक्यांनी प्रसाद हातात घेतला, खाल्ला मात्र नाही, मी बघितलं," हे वाक्य आपल्याच मांडवात ऐकू येतं की नाही? वर्गणीच्या यादीत कुणाचं नाव नाही हे बोटाने दाखवलं जातं की नाही? वाळीत टाकण्याची प्रथा इतकी चिवट निघाली की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ साली अमलात आला. सोसायटीत कुणी कुणाला वाळीत टाकत नाही, मान्य. पण हळदीकुंकवाचं बोलावणं एका दाराला चुकून जात नाही, ते खरंच चुकून जात नाही का, हे आपलं आपल्याला ठाऊक असतं.

उलट बाजूचीही उदाहरणं आपल्याकडे आहेत. टिळक आणि आगरकर घ्या. एक धर्माभिमानी, दुसरा कट्टर बुद्धिवादी. दोघांनी मिळून शाळा काढली, वर्तमानपत्रं काढली, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. पुढे समाजसुधारणेवरून इतकं बिनसलं की आगरकरांनी १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. दोघांनी एकमेकांवर काय जहाल लिहिलं! पण ते लिहिलं आपापल्या पत्रात, स्वतःचं मत मांडून. तो वाद होता. त्याच पुण्यात काही लोकांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. त्याला वाद म्हणत नाहीत. आणि १८९५ साली आगरकर गेले तेव्हा टिळकांनी 'केसरी'त आपल्या जुन्या सोबत्यावर मृत्युलेख लिहिला.

दुसरं उदाहरण एका घरातलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायकोला ते नंतर कळलं. घरात काय आकांत झाला असेल याची कल्पना करा. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई परत त्यांच्याकडे आल्या, पण स्वतःचं सोवळंओवळं, खाणंपिणं वेगळं ठेवून. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, आणि संसार एक. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः विचार करून, जातिभेद माणसाने केला आहे असं मनाला पटल्यावर, बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय तुम्हाला आवडो न आवडो. मला त्यात मोलाचा वाटतो तो मधला काळ. एकाच छपराखाली दोन श्रद्धा, आणि दुसऱ्याने बदलावं म्हणून चुलीवरून भांडण नाही. 'स्मृतिचित्रे' आपल्या वाचनालयात आहे. सुट्टीत मुलींना जरूर वाचायला द्या.

आता जरा घरचं सांगते, कारण या विषयाचा कस तिथेच लागतो. माझे यजमान आजारी होते ते दीड वर्ष तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. कॅन्सर म्हटल्यावर माणसं येतात, आणि प्रत्येक जण हातात काहीतरी घेऊन येतो. कुणी अंगारा आणला. कुणी ताईत आणला. त्यांच्या ऑफिसातले जुने सहकारी येऊन आपल्या पद्धतीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले. मी कुणाला अडवलं नाही. यांना विचारायची, "चालेल का?" ते मानेने हो म्हणायचे किंवा नाही म्हणायचे. अंगारा मी घ्यायची आणि सांगायची, "ठेवते. पण औषधाच्या वेळा आणि डॉक्टरांचा शब्द, यात बदल होणार नाही."

दोन प्रसंग मात्र वेगळे होते. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, केमो म्हणजे विष, ते बंद करा, आमच्या महाराजांकडे चला, तीन महिन्यांत उठून बसतील. ते फार प्रेमाने बोलत होते. मी उठून दार उघडलं आणि म्हटलं, "आपण पुन्हा या विषयावर बोलायला येऊ नका." दुसरे आमच्याच नात्यातले. ते काही मानत नाहीत. पलंगाजवळच्या स्वामींच्या तसबिरीकडे बघून यांच्यासमोरच म्हणाले, "इतकी वर्षं पूजा केलीत, काय उपयोग झाला?" हे काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी रात्री जेवले नाहीत. मी त्या नातेवाइकांना दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "तुमचं म्हणणं बरोबर असेल किंवा नसेल. पण तुम्ही ते ज्याला सांगितलंत त्याला दीड महिन्यात चार घास गेलेले नाहीत. यायचं असेल तर क्रिकेटवर बोला."

पहिल्याने औषध तोडायला सांगितलं, दुसऱ्याने आधार. दोघांनाही वाटत होतं की आपण खरं बोलतोय. माझी मोजणी तिथे अगदी साधी होती. रुग्णाच्या शरीराला किंवा मनाला ज्याने अपाय होतो, ते थांबवायचं. बाकीच्याला वाट द्यायची. आपल्या राज्याचा २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा साधारण याच अंगाने जातो. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. पण पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना तो हात लावत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोहीम चालवली आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. मत पटत नाही म्हणून माणूसच संपवायचा, आग्रहाचं टोक ते हे. आपण जिन्यातल्या आग्रहाला हसतो, पण त्या वाटेने पुढे काय आहे हे विसरू नये.

आता त्या प्रेमळ बाईंबद्दल. आमच्याच मजल्यावरच्या काकू. त्या रोज संध्याकाळी यायच्या, मोठ्याने स्तोत्र म्हणायच्या, आणि मग मी काय काय करत नाही याची यादी वाचायच्या. चौथ्या दिवशी मी त्यांना बाहेर पॅसेजमध्ये नेलं आणि म्हटलं, "काकू, तुम्ही येता त्याने मला बळ येतं. स्तोत्र यांना आवडतं. पण मी काय करत नाही हे ऐकायची ताकद आत्ता माझ्यात नाही. ते नका सांगू." त्यांना वाईट वाटलं असेल. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या आणि दारातच विचारलं, "आज म्हणू का गं स्तोत्र?" त्यानंतर चार महिने त्यांचा डबा चुकला नाही, आणि तो 'म्हणू का' हा प्रश्नही चुकला नाही. यांच्या शेवटच्या आठवड्यात त्याच त्यांच्याजवळ बसल्या होत्या. आज त्या समोर बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगते आहे.

म्हणून म्हणते, नाही म्हणायचं तर सरळ म्हणावं, आणि माणसाला धरून विषयाला नाही म्हणावं. आपण काय करतो, सबबी सांगतो. "आज जरा गडबड आहे," "पुढच्या गुरुवारी बघू." आज वेळ नाही म्हटलं की समोरचा गुरुवारी येतोच, आणि मग आपण चिडतो. त्यात त्याचं काय चुकलं? त्याऐवजी एकच वाक्य पुरतं. "तुमचं ऐकलं, मला पटलेलं नाही, यावर मला पुढे बोलायचं नाही." कारण द्यायचं नाही, कारण दिलं की त्या कारणावर चर्चा सुरू होते. आवाज चढवायचा नाही. आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायचं. "तुमच्या मुलीचा निकाल लागला का हो?" म्हणजे त्यालाही कळतं की दार विषयाला बंद झालंय, त्याला नाही.

ग्रुपबद्दल. सोसायटीचा ग्रुप टँकर किती वाजता येणार आणि लिफ्ट कधी सुरू होणार यासाठी आहे. तिथे सणाच्या शुभेच्छा जरूर द्याव्या. दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल किंवा अश्रद्धेबद्दल काही टाकण्याआधी एवढंच बघावं, की हे मी त्या घराच्या दारात उभं राहून, त्यांच्या आजीसमोर वाचून दाखवीन का? नसेन दाखवणार, तर बोट मागे घ्यावं. आणि कुणी टाकलंच तर दीडशे जणांसमोर उत्तर देऊ नये. खाली उतरावं, बेल वाजवावी, बोलावं. समोरासमोर माणूस फार वेगळा असतो.

मुलांबद्दल एक विनंती. दुसऱ्याच्या मुलाला त्याच्या आई-बापांच्या मागे श्रद्धा शिकवू नका आणि ती काढूनही घेऊ नका. "तुमच्याकडे देव्हारा कसा नाही रे?" असं सात वर्षांच्या मुलाला विचारणं म्हणजे त्याच्या घराला नावं ठेवणं. १९८६ सालचा एक निकाल मला नेहमी आठवतो. केरळातली तीन भावंडं त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे शाळेत राष्ट्रगीत गात नसत, पण आदराने उभी राहत. शाळेने त्यांना काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. मुलं आदराने उभी होती, हे न्यायालयाने पाहिलं. आपल्या मुलांनाही एवढं शिकवता येईल. दुसऱ्याची आरती असेल तर हात जोडायचे की नाही हे तुझं तू ठरव. पण मध्येच खिदळू नको, आणि उभा राहा.

याचा अर्थ धर्मावर बोलूच नये असा मात्र नाही. न बोलता राहिलो तर आपण पंचवीस वर्षं एकाच जिन्यातून चढणारे अनोळखी लोक राहू. बोलावं, कडकडून वाद घालावा. फक्त वेळ आणि जागा दोघांनी ठरवलेली असावी. आजाऱ्याच्या खोलीत नको, सुतकाच्या घरात नको, लिफ्टमध्ये नको. आपल्या वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवावी अशी माझी कमिटीला सूचना आहे. नियम एकच असावा. स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगून दाखवायचं. आपल्या शास्त्रकारांनी त्यालाच पूर्वपक्ष म्हटलं आहे. हे ज्याला जमलं त्याचा निम्मा आग्रह तिथेच ओसरतो, कारण समोरचा आपल्याला वाटत होता तितका मूर्ख नाही हे त्याला कळलेलं असतं.

संत एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघं एकमेकांच्या देवाधर्माची अशी काही उणीदुणी काढतात की आज ते ग्रुपवर टाकलं तर पोलीस बोलवावे लागतील. नाथांनी काही झाकलेलं नाही. दोन्ही बाजूंचं टोचणारं बोलणं सगळं येऊ दिलं आहे. आणि शेवटी ते दोघे एकमेकांना आलिंगन देतात. कुणी धर्म सोडत नाही, कुणी हरत नाही. पैठणच्या एका मराठी माणसाला चारशे वर्षांहून जास्त काळापूर्वी हे सुचलं. आपल्याला तर लिफ्ट आहे, पाणी आहे, समोर चहा आहे. आपल्याला का जमू नये?

मराठीत एक सुंदर शब्द आहे, शेजारधर्म. त्याला ग्रंथ नाही, पुरोहित नाही, दीक्षा नाही. रात्री दोनला बेल वाजली तर दार उघडणं, किल्ली ठेवून घेणं, सुतकाच्या घरी पिठलं-भात पोचवणं, एवढाच त्याचा आचार. देव मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही तो सारखाच पाळता येतो. आपल्या इमारतीत तो पंचवीस वर्षं पाळला गेला आहे. मला त्याचा अनुभव आहे, आणि त्याबद्दल मी तुम्हा सगळ्यांची ऋणी आहे.

माझी स्वतःची श्रद्धा कोणती, हे मी आज सांगितलेलं नाही. पंचवीस वर्षांत ज्यांनी ते विचारलं नाही त्यांचे विशेष आभार. ज्यांना खरोखर जाणून घ्यायचं आहे त्यांनी रविवारी चार वाजता घरी यावं. चहा मिळेल, वाद मिळेल, आणि वेळ असेल तर थालीपीठही.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.